मख्ख चेहऱ्याचा सार्जंट

आज आम्ही तुमच्यासाठी गोष्ट आणली आहे ती जरा लांबची, पार आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. चित्रपटाचं नाव आहे 'द गार्ड'. 2011 साली आलेला, लांबी जेमतेम दीड तासाची. त्यात दोन पोलीस आहेत, एक खून आहे, कोकेनची मोठी खेप आहे आणि विनोद असा आहे, की हसू लगेच ओठांवर येत नाही. पात्रं दोन वाक्यं पुढे गेली, की मग ते पोटातून येतं.

हा चित्रपट आम्हाला सापडला कसा, ते आधी सांगतो. आम्ही सहा-सात जणी महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रपट बघतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मध्यंतरी आम्ही 2022 सालचा 'द बनशीज ऑफ इनिशेरिन' बघितला. एका बेटावरचे दोन जुने दोस्त, आणि त्यातला एक जण अचानक म्हणतो, आजपासून तुझ्याशी बोलायचं नाही. त्यातला तो अबोला धरणारा धिप्पाड माणूस आमच्या मनातून जाईना. त्याचं नाव ब्रेंडन ग्लीसन. तुमच्या घरातल्या मुलांना विचारा, ती लगेच ओळखतील. 'हॅरी पॉटर'मधला तो गरगर फिरणाऱ्या डोळ्याचा मूडी मास्तर म्हणजे हाच. गंमत म्हणजे पूर्णवेळ नट होण्याआधी हा खरोखरच शाळेत मास्तर होता.

तर या ग्लीसनचं आणखी काय बघता येईल, म्हणून शोधता शोधता 'द गार्ड' हाती लागला. 'बनशीज'चा दिग्दर्शक मार्टिन मॅकडोना, आणि 'द गार्ड' लिहिला नि दिग्दर्शित केला तो त्याच्या थोरल्या भावानं, जॉन मायकल मॅकडोनानं. त्याचा हा पहिलाच मोठा चित्रपट. दोघं भाऊ लंडनमध्ये वाढले, पण आईवडील पश्चिम आयर्लंडचे. त्यामुळे तिथल्या माणसांची बोलण्याची ढब दोघांच्याही कानात पक्की बसलेली. आयर्लंडमध्ये हा चित्रपट इतका चालला, की तोवरच्या स्वतंत्र आयरिश चित्रपटांमध्ये कमाईत तो सगळ्यांच्या पुढे गेला.

आता गोष्ट घडते कुठे, ते डोळ्यांसमोर आणू या. आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवे नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच समजा. तिच्या पश्चिम टोकाला कॉनेमारा हा भाग. खडकाळ जमीन, शेतांच्या कडेला दगडावर दगड रचून केलेले गडगे, जळणासाठी माती कापून काढतात अशी पाणथळ रानं, आणि समोर अटलांटिक महासागर. पाऊस तर पाचवीला पुजलेला. चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण याच भागात झालं आहे.

या भागाची आणखी एक ओळख आहे. इथल्या बऱ्याच गावांतून आजही आयरिश भाषा बोलली जाते, म्हणजे जिला काही जण गेलिक म्हणतात ती. आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेनुसार आयरिश ही देशाची पहिली राजभाषा. पण रोजच्या व्यवहारात बहुतेक देश इंग्रजी बोलतो. 1845 पासून काही वर्षं तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला, मोठा दुष्काळ झाला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. सगळ्यात जास्त झळ पोचली ती या पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या माणसांना. भाषा तेव्हापासून आणखी आकसत गेली. ज्या गावांनी ती टिकवली, ती गावं परक्या माणसाकडे जरा डोळे बारीक करूनच बघतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि आता 'गार्ड' म्हणजे काय? आपल्याकडे गार्ड म्हटलं की रेल्वेचा नाहीतर बँकेच्या दारातला डोळ्यांपुढे येतो. आयर्लंडमध्ये पोलिसालाच गार्डा म्हणतात. तिथल्या पोलीस दलाच्या आयरिश नावाचा अर्थ होतो शांततेचे रक्षक. देश ब्रिटिश सत्तेतून बाहेर पडत होता, तेव्हा 1922 साली हे दल उभं राहिलं. त्याचे पहिले आयुक्त मायकल स्टेन्स यांची भूमिका अशी होती, की हे दल शस्त्राच्या जोरावर नाही, तर नैतिक अधिकाराच्या जोरावर चालेल. म्हणून आजही तिथला गणवेशातला साधा पोलीस कमरेला बंदूक लावत नाही. विचार करा, हातात बंदूक नाही, फक्त नैतिक अधिकार! आणि आपल्या चित्रपटाचा नायक कसा आहे, तर ज्याच्याकडे बघून नैतिक हा शब्दच आठवू नये असा.

त्याचं नाव सार्जंट जेरी बॉयल. पहिल्याच प्रसंगात काही तरुण पोरं बेफाम गाडी हाणत बॉयलच्या गाडीजवळून जातात आणि पुढे अपघात करून घेतात. बॉयल शांतपणे उतरतो. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. एकाच्या खिशात नशेच्या वस्तू सापडतात. तुझ्या आईला हे आवडलं नसतं बरं का, असं काहीसं त्या मेलेल्या पोराला सांगून तो बाकीचं फेकून देतो आणि त्यातलीच एक चकती स्वतःच्या जिभेवर ठेवतो. वर म्हणतो, काय सुंदर दिवस आहे! झाली चित्रपटाची सुरुवात.

हा बॉयल दारू पितो, वेश्यांकडे जातो, सुट्टी म्हणजे सुट्टी म्हणतो, कुणाला कधी काय बोलेल याचा नेम नाही. अशा माणसाच्या हद्दीत एक खून होतो. त्याच सुमाराला अमेरिकेहून एफबीआयचा एक अधिकारी येऊन दाखल होतो, वेंडेल एव्हरेट. हे काम केलंय डॉन चीडल या नटानं. एव्हरेट कृष्णवर्णीय आहे, सुखवस्तू घरातला, शिकलेला, नीटनेटका, कामाला वाघ. समुद्रमार्गे कोकेनची मोठी खेप या किनाऱ्यावर उतरणार आहे, अशी त्याची पक्की खबर.

दोन पोलीस, एक मेकांना पटत नाही, तरी एकत्र काम करावं लागतं, हा साचा काही नवा नाही. हॉलीवूडनं असे ढिगानं चित्रपट काढले. 1967 सालचा 'इन द हीट ऑफ द नाइट' घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावचा गोरा पोलीसप्रमुख आणि शहरातून आलेला कृष्णवर्णीय अधिकारी. तिथे सगळं गंभीर होतं. 'द गार्ड' तोच डाव मांडतो, पण सोंगट्या वेगळ्याच रीतीनं हलवतो.

पहिली भेट ऐका. खोलीत सगळे पोलीस बसलेत, एव्हरेट पडद्यावर संशयितांची छायाचित्रं दाखवतोय. सगळे गोरे. बॉयल मध्येच तोंड उघडतो. म्हणतो, अमली पदार्थांचा धंदा फक्त काळी माणसंच करतात असं मला वाटत होतं. खोलीत सन्नाटा. मग म्हणतो, आणि मेक्सिकन. एव्हरेट संतापतो. त्यावर बॉयलचं उत्तर असं, की मी आयरिश आहे, वर्णद्वेष आमच्या संस्कृतीतच आहे. पुढे एव्हरेट सांगतो, या मालाची रस्त्यावरची किंमत पन्नास कोटी डॉलर आहे. बॉयल विचारतो, हा कुठला रस्ता? कारण मी ज्या रस्त्यावर घेतो तिथला भाव असा नाही. आणि या सगळ्या आचरटपणानंतर, जाता जाता, तो सांगून टाकतो की तुमच्या या चौघांपैकी एक जण आमच्या शवागारात पडलाय.

मैत्रिणींनो, या एका प्रसंगात सगळा चित्रपट आहे. खोलीतल्या सगळ्यात बावळट वाटणाऱ्या माणसाकडे सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. हा माणूस खरंच मठ्ठ आहे की फार हुशार आहे, तेच एव्हरेटला कळत नाही. पुढे एकदा तो हे बॉयलला तोंडावर बोलूनही दाखवतो.

आता या विनोदाविषयी थोडं. आपल्याकडच्या विनोदी चित्रपटांत विनोद येणार असला की आधी वर्दी देतात. संगीत वाजतं, नट डोळे फिरवतो, पडतो, धडपडतो. इथे तसलं काही नाही. इथे चेहरा मख्ख. आवाज एकाच पट्टीत. भाजीचा भाव विचारावा तसं वाक्य टाकायचं आणि पुढे चालू लागायचं. अशी माणसं आपल्याही गावात असतात. पारावर बसलेले एखादे आजोबा, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता असं काही बोलतात, की बोलणं ज्याला लागलंय त्याला ते घरी पोचल्यावर कळतं. कॉनेमारातला विनोद त्याच जातीचा. म्हणून आम्ही म्हणतो, हा चित्रपट डोळ्यांपेक्षा कानांनी बघायचा. रेडिओ ऐकणाऱ्या बायकांना हे सांगायला नकोच.

या विनोदात सगळेच सामील आहेत. बॉयलची सुट्टी असते. एव्हरेट म्हणतो, खून झालाय, चोवीस तास फुकट घालवायचे? बॉयल म्हणतो, चोवीस तासांनी काही बिघडत नाही. मग बिचारा एव्हरेट एकटाच दारोदार फिरतो, छायाचित्रं दाखवतो. आणि ज्याला त्याला विचारावं तो आयरिश भाषेत उत्तर देतो! इंग्रजी येत नाही असं थोडंच आहे. पण कोट घातलेला परका साहेब दारात आलाय, तर आमची भाषा आम्ही बोलणार. आम्ही या प्रसंगाला खूप हसलो, कारण तालुक्याच्या गावाहून साहेब आला, की आपल्या वाडीवरची माणसंही कशी एकाएकी बहिरी होतात, ते आम्ही बघितलंय.

गुन्हेगार तिघं आहेत, आणि तेही असेच. एरवी पडद्यावरचे खलनायक गुरगुरतात. हे मोटारीत बसून तत्त्ववेत्त्यांची नावं घेऊन गप्पा मारतात. त्यातल्या एकाला, मार्क स्ट्राँगनं केलेल्या इंग्रजाला, या धंद्याचा अगदी कंटाळा आलाय. ज्या दर्जाच्या माणसांशी व्यवहार करावा लागतो त्याबद्दल त्याची तक्रार आहे. एखाद्या कचेरीतला, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला कारकून बोलावा तसा तो बोलतो. पण हसता हसता हेही विसरू नका, की ही माणसं क्षणात गोळी घालतात.

आणि पार्श्वसंगीत ऐका. अमेरिकेच्या ॲरिझोनामधल्या कॅलेक्सिको नावाच्या मंडळींनी ते दिलंय. गिटारी, तुताऱ्या, वाळवंटातल्या घोडेस्वारांच्या चित्रपटात शोभावं असं. पडद्यावर मात्र ओली हिरवी रानं, बोचरा वारा आणि पोट सुटलेला सार्जंट. ही विसंगतीसुद्धा एक विनोदच आहे, तोही न सांगता केलेला.

आता जरा अडचणीच्या मुद्द्याकडे येऊ. चित्रपट संपल्यावर आमच्यात वाद झाला, आणि तो तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. आमच्यातली एक जण म्हणाली, "हे कसलं हसणं? समोरच्याच्या रंगावरून बोलायचं, आणि त्याला विनोद म्हणायचं? आपल्याला नाही का कुणी काही लागेल असं बोलतं, आणि आपण चिडलो की म्हणतं, अगं, गंमत केली!" तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. आपल्यातल्या कुठल्या बाईनं 'गंमत केली गं' हे वाक्य ऐकलेलं नाही? सासरी, कामावर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात. रंगावरून, जाडीवरून, माहेरावरून, जातीवरून. बोलणारा हसतो, बाकीचे हसतात, आणि आपणही हसावं अशी अपेक्षा असते. नाही हसलो, तर आपल्याला विनोदच कळत नाही.

दुसरी म्हणाली, "पण इथे एव्हरेटला कुठे हसावं लागतं?" आणि हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटला. एव्हरेट चिडतो, सुनावतो, उलट टोला देतो. त्यानं गोड मानून घ्यावं असं चित्रपट त्याला सांगत नाही. एव्हरेट एखाद्या गरीब, गुंडांच्या वस्तीत वाढला असणार, असं बॉयल धरून चालतो. एव्हरेटचं घर सुखवस्तू निघतं. म्हणजे हसं होतं ते बॉयलच्या समजुतीचं. हळूहळू लक्षात येतं, की बॉयल टाचणी टोचल्यासारखं वाक्य टोचतो आणि समोरचा काय करतो ते बघतो. पोलिसाची ती जुनी खोड आहे. जो नुसता गोड हसून साहेबी बोलतो, त्याच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. जो रागावून का होईना पण खरं बोलतो, त्याच्याशी त्याचं जमतं.

तरीसुद्धा पहिलीचा प्रश्न राहतोच. परीक्षा घेणारा मजा बघणार, आणि जिची परीक्षा ती मात्र दर वेळी बोचकारे सोसणार, हे कुठवर? या प्रश्नाला चित्रपट तोंडानं उत्तर देत नाही. तो फक्त दाखवतो, की वेळ आल्यावर कोण काय करतं.

आणि वेळ येते. त्या भागातले पोलीस अधिकारी एकेक करून विकले गेलेत. तस्करांनी सगळ्यांची पाकिटं पोचवली आहेत. हे विकले गेलेले लोक कसे आहेत? इस्त्रीचे कपडे, मोजकं बोलणं, बैठकीत मान डोलावणं. एव्हरेटला वावगा शब्द बोललेले नाहीत. आणि बॉयल? त्याच्या दुर्गुणांचा पुरावा पुढे करून तस्कर त्याला धमकावतात, वर पैसेही देऊ करतात. ज्याच्या अंगात इतकी व्यसनं आहेत तो चट्कन खिशात येणार, असा त्यांचा हिशेब. बॉयल नाही म्हणतो. त्यावर भाषण करत नाही, छाती ठोकत नाही. बिल जास्त लावलं तर आपण म्हणतो ना, नको, राहू दे, तसं नाही म्हणतो.

आम्हाला या चित्रपटात जे सापडलं ते हे. माणूस कसा बोलतो यावरून तो कसा आहे हे ठरवायची आपल्याला फार घाई असते. गोड बोलणारा तो चांगला, फटकळ बोलणारा तो वाईट. पतपेढीत ठेवी बुडवणारे कधी फटकळ असतात का हो? चहा पाजून, ताई ताई करून बुडवतात. याचा अर्थ फटकळपणा म्हणजे सचोटी, असाही नाही. नाहीतर उद्या घराघरांतले पुरुष म्हणायचे, आम्ही बोलतो वाईट पण मनाचे साफ! तसं सर्टिफिकेट हा चित्रपट कुणाला देत नाही. बॉयलचं मन साफ आहे हे त्याच्या बोलण्यावरून नाही, तर जे केल्यानं नुकसानच होणार होतं ते त्यानं केलं, यावरून कळतं. तेव्हा मैत्रिणींनो, कुणी टोचून बोललं आणि 'गंमत केली' म्हणालं, तर एवढंच बघायचं. या माणसाला आपल्यासाठी काही सोडायची वेळ आली, तेव्हा त्यानं काय सोडलं? आणि आपण उलट बोललो, तर ते त्याला चालतं का? दोन्हींचं उत्तर 'काही नाही' आणि 'नाही' असेल, तर ती गंमत नव्हतीच.

चित्रपटातल्या बायकांविषयीही सांगायला हवं. तशा त्या थोड्या आहेत. बॉयलकडे नवीनच आलेला एक तरुण सहकारी असतो, मॅकब्राइड. तो एके रात्री घरी परतत नाही. त्याची बायको गॅब्रिएला परदेशातून आलेली आहे. तिची तक्रार घेऊन ती बॉयलकडे येते. मॅकब्राइडची गाडी समुद्राकाठी अशा जागी सापडते, जिथे लोक जीव द्यायला जातात. म्हणजे प्रकरण मिटवायला सोपं. पण ती ते मानत नाही, आणि बॉयलही मानत नाही. त्यांच्या लग्नात एक गुपित होतं, ते आम्ही सांगत नाही. ते ऐकल्यावर बॉयल काय करतो ते मात्र बघा. एरवी सगळ्यांना टोचणारा हा माणूस तिथे एक शब्दही वाकडा बोलत नाही. कुठे थट्टा करायची आणि कुठे गप्प बसायचं, हे ज्याला कळतं त्याचीच थट्टा सोसवते.

आणि आता बॉयलची आई. हे काम फिनुला फ्लॅनगन या ज्येष्ठ अभिनेत्रीनं केलंय. आई आजारी आहे, यातून उठायची नाही. दोघांना ते ठाऊक आहे. बॉयल तिला भेटायला जातो. आम्हाला वाटलं, आता डोळे भरून येणार, व्हायोलिन वाजणार. तसलं काही नाही. दोघं चक्क एकमेकांची फिरकी घेतात! मख्ख चेहऱ्याचा वारसा पोराला कुणाकडून मिळाला, ते तिथे कळतं. आईच्या मनात एकदा गाणंबजावणं समोर बसून ऐकायचं असतं. पोरगा तिला घेऊन जातो. पबमध्ये वादक वाजवताहेत, आणि आई ऐकते आहे. बस, इतकंच. कुणी कुणाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणत नाही. पण तेवढा वेळ आम्ही सगळ्या गप्प झालो होतो.

आमच्यातली एक जण बरीच वर्षं नर्स होती. ती म्हणाली, "वॉर्डात मी हेच बघितलंय. शेवटच्या दिवसांत माणसाला सगळे एकाच आवाजात बोलतात. बरं वाटेल हं, काळजी करू नका. आजारी बाईला ठाऊक असतं की बरं वाटणार नाही. मग ती एकटी पडते. घरातलं कुणीतरी येऊन नेहमीसारखी थट्टा केली, नेहमीसारखं भांडलं, की तिचा चेहरा बदलतो. आपण अजून आपणच आहोत, असं तिला वाटतं." तिच्या या बोलण्यानंतर चित्रपटातला तो सगळा कोरडा विनोद आम्हाला वेगळाच दिसायला लागला. जे बोलता येत नाही त्याच्या जवळ जाऊन बसायची ती एक रीत आहे. ज्या मातीनं दुष्काळ सोसला, जिथून घराघरांतून माणसं जहाजात बसून कायमची गेली, तिथल्या लोकांनी निरोप घ्यायची अशी रीत शोधून काढली असेल, तर नवल नाही. आपल्याकडेही मयताच्या घरी तेराव्याला कुणीतरी गेलेल्या माणसाचा एखादा किस्सा सांगतं, आणि रडता रडता सगळी हसतात. तसंच हे.

आता शेवटाकडे. तो आम्ही सांगणार नाही, पण त्याची एक किल्ली हातात देऊन ठेवतो. बॉयल एव्हरेटला एकदा सांगतो, की 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो पोहण्याच्या शर्यतीत उतरला होता आणि चौथा आला होता. एव्हरेटचा विश्वास बसत नाही. तुमचाही बसणार नाही, त्या पोटाकडे बघून. पण विचार करा, खोटंच सांगायचं तर माणूस पदक मिळालं म्हणून सांगेल. चौथा आलो म्हणून कोण थाप मारतं? या चौथ्या नंबरावर पुढे बरंच काही अवलंबून आहे. ते वाक्य आलं की कान टवकारा.

शेवटच्या भागात बॉयल आपला खास समारंभाचा गणवेश काढतो, घालतो आणि एव्हरेटला म्हणतो, चल. गावातले बाकीचे पोलीस घरी बसलेत. धक्क्यावर बोट लागली आहे. दोघंच निघतात, एक अमेरिकेचा, एक कॉनेमाराचा. 'शोले' बघत वाढलेल्या आपल्याला अशा दोघांची जोडी ओळखीचीच. फक्त इथे मरणाच्या दारात उभं राहूनसुद्धा दोघांचं टोमणे मारणं थांबत नाही.

बघणार असाल तर दोन-तीन सूचना. पहिली, मुलांना घेऊन बसू नका. शिव्या भरपूर आहेत, नशा आहे, बॉयल ज्या बायकांकडे जातो ते प्रसंग आहेत, आणि रक्तही आहे. दुसरी, खालची अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, चालू ठेवा. कॉनेमारातली इंग्रजी ऐकायला गोड आहे पण आपल्या कानांना लगेच उलगडत नाही. आमच्यातली इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी बाईसुद्धा पहिली दहा मिनिटं वाचतच होती. इंग्रजी अजिबात वाचता येत नसेल, तर वाचू शकणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला शेजारी बसवा. आमच्याकडे आम्ही अधूनमधून चित्रपट थांबवून सांगत होतो, आणि ज्यांना सांगत होतो त्या आमच्याआधी हसत होत्या. तिसरी, पहिल्या दहा मिनिटांत बॉयलचा राग येईल. येऊ द्या. बंद मात्र करू नका.

आणि बघून झाल्यावर आम्हाला एक गोष्ट जरूर कळवा. बॉयल मठ्ठ आहे की हुशार, हा प्रश्न एव्हरेटनं सोडवला असेल, आम्हीही आमच्यापुरता सोडवला आहे. पण असा एखादा माणूस तुमच्या घरात असता, नवरा म्हणून, भाऊ म्हणून, शेजारी म्हणून, तर तुम्ही त्याचं काय केलं असतं? आमच्यात यावर तीन विरुद्ध तीन अशी मतं पडली आहेत, आणि नर्सबाई मत द्यायला तयार नाहीत. त्या म्हणतात, आधी त्याचं ब्लडप्रेशर मोजते, मग सांगते. तेव्हा तुमचं पत्र किंवा फोन आला तरच निकाल लागेल.

पुढच्या वेळी नवा चित्रपट घेऊन भेटू. तोवर नमस्कार.